एकच जनुक, दोन हंगाम

खरिपात सोयाबीन, त्यामागे हरभरा. मराठवाडा-विदर्भातल्या कित्येक रानांत हीच फेरपालट चालते. दोन्ही पिकं शेंगवर्गीय. पण दिवसमानाशी त्यांचं गणित उलटं. दिवस आखडले की सोयाबीन फुलावर येतं, तर हरभरा मोठ्या दिवसात लवकर फुलतो.

सोयाबीनची ही खोड टिपली अमेरिकेतल्या गार्नर आणि ॲलर्ड या शास्त्रज्ञांनी. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन प्रक्षेत्रावर त्यांनी ‘बिलॉक्सी’ वाण टप्प्याटप्प्यानं पेरला. काही झाडं कमरेएवढी, काही कोवळी. फुलं मात्र सगळ्यांना सप्टेंबरच्या सुमारास. फुलोरा दिवसाच्या लांबीवर ठरतो, हा निष्कर्ष त्यांनी १९२० साली मांडला.

त्यामागची यंत्रणा आता बरीच उलगडली आहे. पानांतली फायटोक्रोम प्रथिनं उजेड टिपतात. दिवस मोठा असेपर्यंत ‘ई-१’ हे जनुक ‘एफटी’ जनुकांवर ब्रेक लावून बसतं. दिवस लहान झाले की ब्रेक सुटतो. पानात तयार झालेलं एफटी प्रथिन शेंड्याकडे जातं आणि कळी धरते.

विषुववृत्ताकडच्या ब्राझीलमध्ये मात्र दिवस वर्षभर बारा तासांच्या आसपास. तिथं साधं सोयाबीन टीचभर असतानाच फुलायचं. शेंगा धरायला फांद्याच नसायच्या. कामी आले ते ‘जे’ जनुक निकामी झालेले वाण. ‘जे’चं काम ई-१ला आवरणं. तेच निकामी झालं की फुलोरा लांबतो आणि झाड भरतं.

हे ‘जे’ म्हणजे ‘ईएलएफ-३’ जनुक, हे २०१७ साली सिद्ध झालं. त्याच वर्षी हरभऱ्याचाही उलगडा झाला. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या पीकसंशोधन संस्थेच्या ‘आयसीसीव्ही ९६०२९’ या अतिलवकर वाणात ईएलएफ-३मधली डीएनएची अवघी ११ अक्षरं गळालेली आढळली. इथं परिणाम नेमका उलटा: फुलोरा लवकर. कारण हरभऱ्यात लहान दिवसांत फुलोरा रोखून धरतं ते ईएलएफ-३च.

आपल्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा. कोरडवाहू हरभरा जमिनीतल्या सरत्या ओलाव्यावर वाढतो. तो लवकर फुलला तर ओल संपायच्या आत घाटे भरतात. पण भारी काळ्या रानात ओल टिकते, तिथं फार लवकरचा वाण उरलेली ओल न वापरताच वाळून जातो. त्यामुळे सगळ्यांत लवकरचा वाण शोधण्यापेक्षा रानातल्या मातीच्या खोलीला साजेसा उशीर निवडणं, हेच पैदासकारांचं खरं काम.