डोळ्यात उडालेला लोखंडाचा कण

आजकाल गावोगावी फॅब्रिकेशनची दुकाने, गॅरेजे आणि वर्कशॉप दिसतात. घरीही अनेकांकडे ड्रिल मशीन किंवा छोटे ग्राइंडर असते. काम करताना हात कापला, तर माणूस लगेच दवाखाना गाठतो. पण डोळ्यात कण गेला, की प्रथम हाक मारली जाते शेजारच्या कारागिराला. तो पापणी उलटवतो आणि आगकाडीच्या टोकाने, रुमालाच्या कोपऱ्याने, कधी तर सुईनेही कण काढून देतो. त्याचा हेतू चांगला असतो. पण या उपचाराने डोळा कायमचा अधू होऊ शकतो.

बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. हातातल्या चार इंची ग्राइंडरचे चाक मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. त्यातून उडालेला तापलेला कण या पडद्यात रुतून बसतो. आगकाडीने खरवडल्यावर कण निघतो, पण जखम मोठी होते आणि तिच्यात जंतू शिरतात. शिवाय लोखंडाचा कण काही तासांतच गंजू लागतो आणि त्याच्याभोवती गंजाचे कडे तयार होते. कण निघाला तरी ते मागे राहू शकते. जखम चिघळून पुढे तेथे फूल पडले आणि ते नेमके मध्यभागी असले, तर नजर कायमची अंधुक होते.

याहून फसवी इजा हातोडा आणि छिन्नीची. ठोकून ठोकून छिन्नीचे डोके छत्रीसारखे पसरते. त्याचा कपचा उडाला, तर तो गोळीसारखा थेट डोळ्याच्या आत शिरू शकतो. अशा वेळी दुखणे फारसे नसते, बाहेरून जखमही दिसत नाही. आत राहिलेले लोखंड मात्र गंजत राहते आणि काही महिन्यांत दृष्टी घालवू शकते. म्हणून ‘ठोकताना काहीतरी उडाले’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे; म्हणजे एक्स-रे किंवा सीटी स्कॅन काढून खात्री करता येते.

वेल्डिंगचा प्रकार वेगळा. उघड्या डोळ्यांनी वेल्डिंग पाहिल्यावर सहा ते बारा तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यात वाळू गेल्यासारखे खुपते आणि पाणी वाहते. येथे काढण्यासारखा कण नसतो. प्रखर किरणांनी पडदा भाजलेला असतो. हा त्रास बहुधा एक-दोन दिवसांत बरा होतो. बटाट्याच्या चकत्या किंवा दूध डोळ्यात घालू नये, त्याने जंतुसंसर्गाचे भय असते.

कण गेल्यास काय करावे?

डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याची धार सोडून उघडझाप करावी. वर वर असलेला कण याने निघून जातो. तरीही खुपत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. कपचा आत शिरल्याची शंका असल्यास डोळा धुऊ नये, दाबू नये. कागदी कपासारखे काही डोळ्याला न टेकता वर धरून तडक रुग्णालय गाठावे. दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नयेत. स्टिरॉइडच्या थेंबांनी लाली कमी होते, पण जंतुसंसर्ग आत बळावतो. बधिर करणारे थेंब वारंवार घातल्यास जखम भरत नाही.

या सर्वांपेक्षा सोपा उपाय म्हणजे बाजूने झाकलेला संरक्षक गॉगल. नंबरचा चष्मा किंवा उन्हाचा गॉगल त्याची जागा घेऊ शकत नाही. वेल्डिंगला काळ्या काचेचे शील्डच हवे, आणि ते शेजारी पत्रा धरून उभ्या असलेल्या पोऱ्यालाही हवे. छिन्नीचे पसरलेले डोके वेळोवेळी घासून सरळ करावे. दुकानमालकांनी गॉगल कपाटात जपून न ठेवता ग्राइंडरच्या शेजारीच खिळ्याला अडकवावा. हाताशी असेल, तरच तो डोळ्यांवर चढेल.