तीसच्या पुढे नको

हिवाळ्यात सकाळी येरळवाडीच्या तलावावर कॅमेऱ्यांची रांग लागते. खटाव तालुक्यातल्या मायणीच्या जुन्या तलावात गाळ साठत गेला आणि रोहित पाहायला येणारी माणसं येरळा नदीवरच्या या धरणाकडे वळली. त्या रांगेपासून बरंच लांब, बाभळीच्या आडोशाला, घडीच्या स्टुलावर एक निवृत्त चित्रकला शिक्षक बसलेले असतात. पुढ्यात बुटका करून ठेवलेला ट्रायपॉड, त्यावर लांबचे पक्षी पाहायचा स्कोप, मांडीवर वही. कॅमेरा नाही. नजर खिळते ती त्यांच्या मानेवर, कारण ती जवळजवळ हलतच नाही. डोळा आयपीसला, मग फक्त नजर कागदावर, पुन्हा डोळा आयपीसला. हात मात्र सतत चालू.

हे जमतं ते स्कोपच्या वाकडेपणामुळे. बाजारात स्कोप दोन घडणीचे मिळतात: नळीच्या सरळ रेषेत आयपीस असलेले आणि आयपीस 45 अंशांत वर वळवलेले. गाडीतून किंवा लपणातून पक्षी झटकन शोधायचा तर सरळ स्कोप सोयीचा, कारण बोट दाखवावं तशी नळी रोखता येते. चित्र काढणाऱ्याला मात्र तो छळतो. समोर पाहायचं, मग मान पूर्ण खाली घालून कागद पाहायचा, मग पुन्हा मान वर. तेवढ्यात पक्ष्याने मान फिरवलेली असते. वाकड्या स्कोपमध्ये माणूस आधीच खाली पाहत असतो आणि वही तिथून वीतभर अंतरावर असते. शिवाय बसून काम होतं. बसलेल्या माणसाला पक्षी कमी बुजतात, आणि ट्रायपॉडचे पाय आखूड ठेवता आल्याने माणदेशी वाऱ्यात स्कोप कमी थरथरतो.

सांगलीत चित्रकला शिकणारी एक मुलगी त्यांच्याकडे सल्ला विचारायला आली होती. तिच्या मनात मोठा, 80 मिलिमीटर भिंगाचा स्कोप होता. खोक्यावर 20 ते 60 पट लिहिलेलं तिने पाहिलं होतं.

"साठ लिहिलंय म्हणून साठला बघायचं नसतं, बाळ," सर म्हणाले. "तीस धर. तीसच्या पुढे नको."

हा तीसचा आकडा ते दर थोड्या वेळाने काढतात, आणि त्यामागे साधं गणित आहे. भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. 65 मिलिमीटरच्या स्कोपला तीस पटीला ती दोन मिलिमीटरच्या थोडी वर येते, साठ पटीला जेमतेम एक. भर उजेडात माणसाची बाहुली साधारण दोन ते तीन मिलिमीटर असते. म्हणजे साठला प्रतिमा अंधारते, आणि त्या अंधारातून उन्हातल्या पांढऱ्या कागदावर नजर आली की डोळे दिपतात. दर मिनिटाला हेच होत राहिलं तर तासाभरात डोकं धरतं. सरांच्या वहीचा कागद म्हणूनच करडा आहे.

दुसरं कारण त्यांनी तिला सांगितलं नाही, दाखवलं. पलीकडच्या काठावर पट्टकदंब विसावले होते. मंगोलिया, तिबेटकडून हिमालय ओलांडून येणारे हे हंस चरण्याचं बरंचसं काम रात्री आणि पहाटे उरकतात, दिवसा पाण्याकाठी बसून असतात. चित्रकाराला याहून चांगलं मॉडेल मिळणं कठीण. सकाळी लवकर त्यांच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे स्वच्छ दिसत होते. ऊन चढलं, जमीन तापली आणि हवा हलू लागली. तिने झूम साठवर नेला तेव्हा पट्टे उकळत्या पाण्यात पडल्यासारखे थरथरत होते. तीसवर आणल्यावर हंस लहान झाला, पण पुन्हा हंस झाला. कितीही महागडी काच घेतली तरी तापलेल्या हवेपुढे ती काही करू शकत नाही. दुकानदार स्कोप विकताना सर्वांत मोठा आकडा पुढे करतात, आणि चित्रकाराच्या दृष्टीने तोच सर्वांत निरुपयोगी असतो.

पट वाढवली की दृश्यही आक्रसतं. साध्या झूम आयपीसमधून वीस पटीला शंभर मीटरवरचा साडेतीन-चार मीटर रुंद तुकडा दिसतो, साठला त्याच्या निम्मा. चरत चालणारा शेकाट्या चार पावलांत चौकटीबाहेर जातो आणि पेन्सिल थांबवून स्कोप वळवावा लागतो. सर एकाच पानावर पाच-सहा आकृत्या अर्धवट सुरू करतात: चोच पाण्यात, मान मागे, एक पाय वर. पक्षी पुन्हा त्या पवित्र्यात आला की ती आकृती पुढे नेतात. पक्षी बराच वेळ चौकटीत राहिला तरच हे जमतं. म्हणून झूमऐवजी एकाच पटीचा, रुंद दृश्याचा आयपीस मिळाला तर तो घ्यावा, असं त्यांचं ठाम मत आहे. पट कितीची, हे मुलीने आता विचारलं नाही.

ही रीत जगभरच्या पक्षी-चित्रकारांची आहे. स्वीडनच्या गॉटलंड बेटावरचे लार्स जॉन्सन स्कोपला डोळा लावून समुद्रकिनारी थेट जलरंगात रंगवतात. जॉन बस्बी यांचं 'ड्रॉइंग बर्ड्स' 1986 साली आलं. तेही जिवंत, हलत्या पक्ष्यावरून चित्र काढण्याचा आग्रह धरत. फोटोवरून काढलेल्या चित्रात पक्ष्याचं वजन पायांवर आलेलं दिसत नाही, असं सरांचं म्हणणं आहे. त्यांची वही पाहिल्यावर ते मान्य करावंच लागतं. तिथला शेकाट्या खरंच चिखलात उभा आहे.

मुलीची चित्रं काढायची जागा मात्र वेगळी आहे. ही येरळा सांगली जिल्ह्यात उतरते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. तिकडे, भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात, कृष्णेत मगरी आहेत. पाण्याच्या कडेला वही घेऊन बसायचं नाही, उंच दरडीवरूनच पाहायचं. म्हणजे दुर्बिणीने भागत नाही, स्कोप लागतोच. पण नदीसुरय आणि कवड्या धीवर तिथे येरळवाडीच्या हंसांपेक्षा बरेच जवळ असतात, आणि सामान घेऊन मळीतून पायी जावं लागतं. तिथे जड स्कोप घरीच राहण्याची भीती जास्त. तिच्यासाठी 50 ते 65 मिलिमीटरचा हलका, वाकडा स्कोप पुरेसा आहे.

वाचलेले पैसे कुठे घालायचे? ट्रायपॉडमध्ये, असं सर म्हणाले. उत्तम स्कोपची किंमत लाखांत जाते, आणि तोच स्कोप डगमगत्या ट्रायपॉडवर ठेवला तर डोळ्याला काहीच धड मिळत नाही. व्हिडिओवाले वापरतात तसं संथ फिरणारं हेड हवं, मधल्या दांड्याला खाली हूक हवा. वारा सुटला की त्याला पिशवी टांगता येते. आणखी एक गोष्ट तिने विचारलीही नव्हती: चष्मा. चष्मा लावून पाहणाऱ्याला डोळा आयपीसपासून निदान 15 मिलिमीटर दूर ठेवूनही पूर्ण वर्तुळ दिसलं पाहिजे. सरांचा चष्मा दुहेरी काचेचा आहे. वरच्या भागातून स्कोप, खालच्या भागातून कागद, असं त्यांनी बसवलं आहे.

मुलीला पुण्यात एक वापरलेला 65 मिलिमीटरचा वाकडा स्कोप मिळतो आहे. सरांनी तिला स्वतःचं स्टूल देऊ केलं. ते घेऊन जायचं, विकणाऱ्याच्या अंगणात मांडायचं, मांडीवर वही ठेवायची आणि समोरच्या झाडावरचा कावळा तीस पटीला अर्धा तास काढायचा. मान दुखली नाही तरच पैसे द्यायचे.