वजनावरून वाचायचा मजकूर: पॉलिमरमधली माहिती आणि मास स्पेक्ट्रोमीटर

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांकडे प्लॅस्टिकच्या दाण्यांच्या गोणी जाताना आपण अनेकांनी पाहिल्या असतील. त्या दाण्यांत पॉलिमर असतं, म्हणजे तीच ती कडी हजारो वेळा जोडून झालेली साखळी. सगळ्या कड्या सारख्या, त्यामुळे तिच्यात वाचण्यासारखं काही नाही. पण दोन प्रकारच्या कड्या घेतल्या आणि ठरवलेल्या क्रमानं एकेक ओवली तर? एकीला ० म्हणायचं, दुसरीला १. संगणकातली फाइलही शेवटी ० आणि १ यांचीच रांग असते.

फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गचे झाँ-फ्रांस्वा ल्युत्झ आणि मार्सेयच्या लॉरन्स शार्ल यांच्या गटांनी २०१७ मध्ये हे करून दाखवलं. त्यांची ०ची कडी १३८ एकक वजनाची, १ची १६६ची. दुसरीवर दोन मिथाइल गट जास्त आहेत, तेवढाच काय तो २८चा फरक. (एकक म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूचं वजन.)

आता वाचायचं कसं? डीएनए वाचायला निसर्गानं विकरं दिली आहेत, एका रेणूच्या लाखो प्रती काढता येतात. या कृत्रिम साखळीला तसं कोणी वाली नाही. तिचं वजन मात्र करता येतं. मास स्पेक्ट्रोमीटर हा त्यासाठीचा तराजू. रेणूला विद्युतभार देऊन निर्वातात उडवायचं आणि भाराच्या मानानं वजन किती ते मोजायचं. एवढे मोठे रेणू न मोडता उडवायची युक्ती जॉन फेन यांची, द्रावणाचा विद्युतभारित फवारा करायची. त्यासाठी त्यांना २००२च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला.

पण नुसतं वजन पुरत नाही. चार कड्यांची ०११० ही साखळी घ्या: एकूण ६०८. आता १००१ घ्या: तीही ६०८! एकूण वजनावरून १ किती आहेत ते कळतं, कुठे आहेत ते नाही. म्हणून साखळी मुद्दाम तोडावी लागते. आपली लोकल डोळ्यांसमोर आणा. डब्यांचे दोनच प्रकार आहेत, हलका आणि जड, आणि आपल्याला फक्त वजनकाटा दिलाय. एका गाडीचं पहिल्या डब्यानंतर कपलिंग सोडायचं, तशाच दुसऱ्या गाडीचं दोन डब्यांनंतर, तिसरीचं तीन डब्यांनंतर. पुढच्या तुकड्यांची वजनं लावली की ०११०साठी १३८, ३०४, ४७०, ६०८ अशी शिडी मिळते. १००१साठी १६६, ३०४, ४४२, ६०८. प्रत्येक पायरीचं अंतर बघत जायचं: १३८ आलं तर ०, १६६ आलं तर १. (टोकांवरचे गट इथे सोयीसाठी सोडून दिलेत.) यंत्रात एकाच साखळीच्या असंख्य प्रती असतात आणि त्या वेगवेगळ्या जागी तुटतात, म्हणून ही सगळी शिडी एकदम हाती येते.

साखळी लांबली की मात्र गोंधळ. तुकडे इतके होतात की त्यांच्या रेषा एकमेकींवर चढतात. इथे २०१७च्या कामातली खरी हुशारी दिसते, निदान आम्हाला तरी. त्यांनी दर आठ कड्यांनंतर, म्हणजे दर बाइटनंतर, एक कच्चं कपलिंग घातलं. थोड्या ऊर्जेनं फक्त तेच तुटतं आणि बाइट सुटे होतात. सुटे झाल्यावर कुठला पहिला नि कुठला पाचवा हे विसरू नये म्हणून बाइटांना वेगवेगळ्या वजनाची खूण जोडलेली. मग एकेक बाइट निवडून जास्त ऊर्जेनं फोडायचा आणि शिडी वाचायची. अशा रीतीनं ६४ बिटांत ‘सीक्वेन्स’ हा इंग्रजी शब्द, त्याची आठ अक्षरं, लिहिली आणि वाचली गेली.

आपला ‘भाईंदर’ मात्र त्यात मावला नसता. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह संगणकात सहसा तीन बाइट घेतं. भ, काना, ई, अनुस्वार, द, र मिळून १८ बाइट, १४४ बिट. तसल्या तीन साखळ्या लागल्या असत्या.

आणि भाईंदरचं म्हणाल तर इथलं जुनं पीक, मीठ, या तंत्राला अजिबात चालत नाही. या कड्यांत फॉस्फेट असतं, आणि फॉस्फेटवरच्या हायड्रोजनची जागा सोडियम पटकन घेतो. एका जागी सोडियम बसला की वजन २२नं वाढतं. आठ फॉस्फेट असतील तर एकाच तुकड्याची कुणाची शून्य, कुणाची तीन, कुणाची पाच सोडियमवाली रूपं. जिथे एक ठळक रेष हवी तिथे फिक्या रेषांची रांग. म्हणून नमुना आधी मीठमुक्त करावा लागतो.

पेन ड्राइव्हची जागा हे लवकर घेईल असं आम्हाला वाटत नाही. लिहिणं फार संथ आहे, शिवाय वाचलेला नमुना संपतो, तो परत मिळत नाही. थोडकीच माहिती पण पक्की लपवायची, तिथे याचं मोल आहे. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या एरिक अँस्लिन यांच्या गटानं २०२२ मध्ये २५६ बिटांची कुलूपकिल्ली अशा रेणूंत लिहून शाईत मिसळली आणि त्या शाईनं पत्र लिहून टपालानं पाठवलं. तिकडे शाई विरघळवून किल्ली वाचली आणि कुलूपबंद फाइल उघडली. ल्युत्झ यांच्या गटानं अशा खुणा घातलेल्या पॉलिमरच्या पातळ पट्ट्या उंदरांच्या शरीरात बसवल्या, पुढे काढून वाचल्या.

उत्तनच्या डोंगरावरच्या कचऱ्यात पडलेल्या पिशवीवरची छपाई पुसली जाते, फाटते, जळते. कुठल्या कारखान्याचा माल, हे मग कोण सांगणार? पॉलिमरच्या आतच चिमूटभर खूण मिसळलेली असेल, तर पिशवीचा एखादा तुकडा प्रयोगशाळेत नेऊन, खूण द्रावकात उतरवून वाचता येईल. आज अडतं ते खर्चावर. प्रत्येक कडी एकेक करून ओवावी लागते, आणि पिशवी विकली जाते पैशांत.