परक्या सर्व्हरवरचा खासगी इतिहास

एप्रिल २००५मध्ये लिनस टॉरवाल्ड्सने लिनक्सच्या कामासाठी कोडमधल्या बदलांचा इतिहास जपणारे गिट लिहिले, तेव्हा गुप्ततेचा प्रश्नच नव्हता. तो कोड सगळ्यांसाठी खुला होता. २००८मध्ये असा इतिहास परक्या सर्व्हरवर ठेवू देणारे गिटहब आले. हळूहळू लोक प्रबंधाचे खर्डे, हिशेब, खासगी टिपणेही गिटमध्ये ठेवू लागले आणि पेच उभा राहिला, कारण सर्व्हर ज्याचा, त्याला सगळे वाचता येते.

हा पेच सहज सुटला नाही, कारण गिट आणि एन्क्रिप्शन यांचे मुळातच जमत नाही. गिटची सगळी बचत सारखेपणा ओळखण्यावर चालते आणि चांगले एन्क्रिप्शन नेमका तो सारखेपणाच लपवते. म्हणून दोन्ही जमवू पाहणाऱ्या प्रत्येक साधनाने काहीतरी सोडून दिले.

अँड्र्यू एयर यांच्या गिट-क्रिप्टमध्ये एकाच किल्लीने तीच फाईल पुन्हा झाकली की परिणामही तोच येतो, त्यामुळे गिटचे काम अडत नाही. मात्र फायलींची नावे आणि कमिटचे (नोंदवलेल्या बदलांचे) संदेश उघडेच राहतात. पासवर्डची एखादी फाईल झाकायला ते उत्तम आहे. पण फाईलचे नावच ‘राजीनामा’ असेल, तर आतला मजकूर झाकून काय उपयोग?

गिट-रिमोट-जीक्रिप्टने नावे, शाखा, इतिहास सगळेच जीपीजी या एन्क्रिप्शनच्या साधनाने झाकले. २०१३मध्ये एडवर्ड स्नोडेनने फोडलेल्या अमेरिकी हेरगिरीच्या कागदपत्रांनंतर अशा साधनांची निकड वेगळी पटवून द्यावी लागली नाही. पण इथली किंमत जबर आहे. साध्या गिट होस्टिंगवर प्रत्येक पुशला, म्हणजे बदल सर्व्हरवर पाठवताना, अख्खा इतिहास पुन्हा चढवावा लागतो. आरसिंकने स्वतःच्या सर्व्हरवर ठेवला, तर नवे तेवढेच जाते. शिवाय इथला प्रत्येक पुश सक्तीचा असतो. दोघांनी एकाच वेळी केला, तर एकाचे काम पुसले जाऊ शकते.

मला सर्वांत शहाणी वाटली ती जोई हेस यांची २०१०मधली गिट-अ‍ॅनेक्स. मोठ्या फायली गिटबाहेर आणि गिटमध्ये फक्त त्यांचा पत्ता. रिमोट, म्हणजे सर्व्हरवरची साठवण, उभारताना एन्क्रिप्शनची ‘हायब्रिड’ पद्धत निवडली, की एक नवी किल्ली तयार होते आणि आपल्या जीपीजी किल्लीने बंद होऊन गिटच्या रेपॉझिटरीतच राहते. सर्व्हरवर डोकावणाऱ्याला अक्षरे-आकड्यांची लांबलचक नावे दिसतात, फायलींची खरी नावे किंवा मजकूर नाही. पुढे सहकाऱ्याची किल्ली जोडायची झाली, तरी आधीच्या फायली पुन्हा चढवाव्या लागत नाहीत.

सहकाऱ्याला वगळणे मात्र तितके सोपे नाही. त्याने आतली किल्ली उघडून जपून ठेवली असेल आणि सर्व्हरपर्यंत त्याचा हात पोहोचत असेल, तर यादीतून नाव काढूनही तो सगळे वाचू शकतो. अशा वेळी नव्या किल्लीने नवे रिमोट उभारायचे, फायली पुन्हा चढवायच्या आणि जुने रिमोट पुसून टाकायचे.