लघवीच्या तक्रारी लपवू नका

कचेरीत कुणाचा रक्तदाब वाढला तर जेवणाच्या सुट्टीत सर्वांदेखत चर्चा होते. साखर वाढली तर कारल्याच्या रसापासून मेथीच्या दाण्यांपर्यंत दहा उपाय पुढे येतात. परंतु लघवीला जळजळ होते, धार अडते, रात्रीतून चारदा उठावे लागते, हे मात्र कुणी बोलत नाही. सार्वजनिक संडासाच्या दारात रोज रांग लावणाऱ्या वस्तीतही हा विषय कुजबुजीचाच राहिला आहे. आम्ही डॉक्टर नाही, पेशाने कारकून आहोत. परंतु वस्तीच्या समाजमंदिरात आरोग्य शिबिरे भरवताना व आजाऱ्यांना घेऊन सरकारी रुग्णालयाच्या खिडकीपुढे उभे राहताना जे दिसले आणि डॉक्टरमंडळींकडून जे समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. या आजारांत रोगापेक्षा उशीरच माणसाला अधिक नडतो, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे.

प्रथम भगिनींविषयी. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा असतो. त्यामुळे बाहेरचे जंतू मूत्राशयापर्यंत लवकर पोहोचतात. हा निसर्गाचा भाग झाला. परंतु घरकामाला जाणारी, भाजी विकणारी, बांधकामावर घमेली वाहणारी आपली भगिनी सकाळी घर सोडते ती संध्याकाळपर्यंत लघवीला जात नाही, कारण जायला जागाच नसते. म्हणून ती पाणीच पीत नाही. सहा डिसेंबरला विदर्भ-मराठवाड्यातून दादरला येणाऱ्या कितीतरी आयाबहिणी गाडीत बसल्यापासून घोटभर पाण्यावर राहतात, हे आम्ही दरवर्षी पाहतो. पाणी कमी आणि लघवी रोखलेली, म्हणजे जंतूंना वाढायला आयतेच रान. २०११ साली मुंबईत महिला संघटनांनी ‘राइट टू पी’ ही मोहीम उभी केली, तेव्हा त्यांनी नेमका हाच सवाल केला होता की पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला पैसे का? पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहे पुरविणे ही महापालिकांची जबाबदारी असल्याचे बजावले. निकाल लागला, तरी किती नाक्यांवर अशी सोय झाली हे वाचक भगिनींनी स्वतःच मोजून पाहावे.

जळजळ झाली की आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि धने-जिऱ्याचे पाणी किंवा सब्जा देतात. पाणी पोटात जाते हे चांगलेच. परंतु एकदोन दिवसांत उतार पडला नाही, लघवी गढूळ झाली, वास मारू लागली, तर डॉक्टर गाठावा. थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखू लागले, उलट्या झाल्या, तर जंतू मूत्रपिंडापर्यंत गेले असे समजून त्याच दिवशी जावे. गरोदर स्त्रीने तर साध्या जळजळीलाही थांबू नये. औषधाच्या दुकानातून परस्पर दोन गोळ्या घेणे ही वाईट खोड आहे. जंतू अर्धमेले होतात आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही. गोळी सुरू करण्याआधी लघवीचा नमुना कल्चरसाठी द्यावा. सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली धार बाटलीत घ्यावी. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा असा संसर्ग झाला, तर तपासणी मूत्रविकारतज्ज्ञांकडेच व्हायला हवी. पुरुषाला एकदा झाला तरी कारण शोधावे लागते. लघवीत पू सारखा दिसतो, पण नेहमीच्या कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत, असे झाले तर मूत्रपिंडाच्या क्षयाची शंका घेतात. क्षय फक्त छातीचा असतो, ही समजूत आता सोडायला हवी.

खोकताना, हसताना, हंडा उचलताना कपडे ओले होतात, हे दुखणे बाळंतपण झालेल्या कितीतरी भगिनी मुकाट्याने सोसतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम नीट शिकून तीन महिने नेमाने केला तर पुष्कळ जणींना फरक पडतो. त्यानेही न भागल्यास शस्त्रक्रिया आहे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळू. एके दिवशी लघवी लाल होते. दुखत काहीच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वच्छ. माणूस म्हणतो, ‘उष्णता झाली होती, गेली.’ वास्तविक घात येथेच होतो. न दुखता आलेले रक्त हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण असू शकते, आणि ते रक्त आपोआप थांबते. काही महिन्यांनी पुन्हा येते, तोवर गाठ वाढलेली असते. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला हा धोका न ओढणाऱ्याच्या सुमारे तिप्पट असतो. लोक म्हणतात, धूर छातीत जातो, त्याचा लघवीशी काय संबंध? संबंध असा की धुरातील विषे रक्तात उतरतात, मूत्रपिंडे ती गाळून मूत्राशयात टाकतात आणि तेथे ती तासन् तास आतल्या अस्तराला लागून राहतात. रंगाच्या काही जुन्या कारखान्यांतील कामगारांनाही हा रोग अधिक होत असल्याचे आढळले होते. प्रत्येक लाल लघवी म्हणजे कर्करोग नव्हे. खडा असेल, संसर्ग असेल. बीट खाल्ल्यानेही रंग येतो आणि क्षयाच्या रिफाम्पिसिन गोळीने लघवी नारिंगी होते, त्याला घाबरून क्षयाचे औषध मुळीच बंद करू नये. परंतु रक्त आहे की रंग, हे घरी बसून ठरवता येत नाही. एकदाच झाले असले, थांबले असले, तरी लघवीची तपासणी व सोनोग्राफी करून घ्यावी. तज्ज्ञांनी दुर्बिणीने मूत्राशय पाहायचे म्हटले तर नाही म्हणू नये. आरंभीची गाठ पुष्कळदा त्याच वाटेने, पोट न फाडता खरवडून काढता येते.

पुरुषांची दुसरी तक्रार प्रोस्टेटची. मूत्राशयाच्या तोंडाशी अक्रोडाएवढी ही ग्रंथी असते आणि वय वाढते तशी तीही वाढते. साठीला आलेल्या सुमारे निम्म्या पुरुषांत ती वाढलेली आढळते. धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, झाल्यावरही राहिल्यासारखे वाटते, रात्री झोपमोड होते. हा कर्करोग नव्हे. पुष्कळांचे गोळ्यांवर भागते, न भागल्यास मूत्रमार्गातूनच दुर्बिणीने शस्त्रक्रिया होते. घरातल्या सुनांना व मुलांना आमचे एक सांगणे आहे. म्हाताऱ्याचे धोतर, पायजमा सारखा ओला होऊ लागला की ‘ताबा सुटला’ म्हणून त्यांना कोपऱ्यात बसवू नका. कधीकधी मूत्राशय काठोकाठ तुंबलेले असते आणि भरल्या हंड्यातून पाझरावे तशी लघवी ठिबकते. अशा वेळी दोन्ही मूत्रपिंडे आतल्या आत निकामी होत असतात. आणखी एक, सर्दीच्या काही गोळ्यांनी अशा माणसाची लघवी एकाएकी तुंबते. तुंबली तर पोट शेकत बसू नये, मध्यरात्र असली तरी रुग्णालयात नेऊन नळी घालून घ्यावी. प्रोस्टेटचा कर्करोग हा वेगळा आजार आहे. तो आरंभी काहीच लक्षण दाखवीत नाही. वडिलांना किंवा भावाला तो झाला असेल त्याने पंचेचाळीशीच्या सुमारास डॉक्टरांशी पी.एस.ए. या रक्ततपासणीविषयी बोलावे. तो आकडा वाढला म्हणजे कर्करोगच, असेही नाही.

मुतखडा सर्वांना ठाऊक आहे. भट्टीवर, उन्हात, गाडीच्या इंजिनाजवळ घाम गाळणाऱ्याला तो लवकर धरतो. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडा बहुधा आपोआप पडतो. कुळथाचे कढण, पानफुटीची पाने घेणारे घेतात, परंतु कळ थांबली म्हणजे खडा पडला असे नव्हे. तो नळीत अडकून गप्प बसतो आणि वरचे मूत्रपिंड फुगत जाते, म्हणून पुन्हा सोनोग्राफी हवी. खड्यासोबत ताप आला किंवा लघवीच थांबली तर तासभरही दवडू नये. बिअरने खडा पडतो हा पिणाऱ्यांनी शोधलेला वैद्यकीय सिद्धांत आहे. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे आणि मीठ कमी करावे. दूध मात्र सोडू नये, जेवणातला कॅल्शियम उलट खडा होण्याला आळा घालतो.

मुलांच्या बाबतीत एकच गोष्ट आईबापांनी लक्षात ठेवावी. मुलाच्या वृषणात अचानक तीव्र कळ आली, तो मुरडलेला असू शकतो. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर बहुधा वाचतो. ‘चेंडू लागला असेल’ म्हणून सकाळ होऊ देऊ नये. मुलगाही लाजेने पोटात दुखते एवढेच सांगतो, म्हणून नीट विचारावे. तरुणाला तेथे न दुखणारी टणक गाठ लागली तर तीही त्याच आठवड्यात दाखवावी.

लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘गुप्तरोग, हमखास इलाज’ अशा चिठ्ठ्या वाचून आपले तरुण कुठे जातात हे आम्हांला माहीत आहे. तेथे पगार जातो आणि दुखणे राहते. पौरुषाची तक्रार ही पुष्कळदा मधुमेहाची किंवा रक्तवाहिन्यांच्या आजाराची पहिली खूण असते. ती साध्या एम.बी.बी.एस. डॉक्टरलाही उघडपणे सांगता येते.

कोणत्या डॉक्टरकडे जायचे याचाही घोटाळा होतो. यूरॉलॉजिस्ट हे शस्त्रक्रिया करणारे, त्यांच्या नावापुढे बहुधा एम.सीएच. किंवा डी.एन.बी. असते. खडा, प्रोस्टेट, रक्त, तुंबणे हे त्यांचे काम. अंगावर सूज, क्रिएटिनिन वाढलेले, डायलिसिस, हे नेफ्रॉलॉजिस्टचे. मुंबईत के.ई.एम., सायन व नायर रुग्णालयांत यूरॉलॉजीचे विभाग आहेत. बाह्यरुग्ण विभागाचा वार आधी विचारून जावे, म्हणजे खेप फुकट जात नाही. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झालेल्या व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हटल्या जाणाऱ्या योजनेत मूत्रविकारांच्या अनेक शस्त्रक्रिया बसतात. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलापाशी आधी चौकशी करावी, पैसे भरल्यावर नव्हे.

जाताना जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटे न्यावीत आणि विडी-तंबाखूचे खरे सांगावे. आणखी एक कारकुनी काम आहे, पण डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. वहीत तीन दिवसांची नोंद करावी. किती वाजता किती पाणी, चहा प्यालात, किती वाजता लघवी झाली, मापाच्या डब्यात किती भरली, रात्री कितीदा उठलात, कपडे ओले झाले का. तक्रार तोंडाने सांगायला जीभ रेटत नसेल तर ती वहीच डॉक्टरांच्या पुढे ठेवावी.