काट्याला न दिसणारी चरबी

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन माणसांचा एक फोटो छापून आला. दोघेही डॉक्टर, दोघेही मधुमेहाचे अभ्यासक, दोघेही शिडशिडीत. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक. वजनाला उंचीच्या वर्गाने भागलं की येणारा बीएमआयचा आकडा दोघांचा तंतोतंत सारखा होता, २२.३. मग यंत्राने दोघांच्या शरीरातली चरबी मोजली. युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी निघाली, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के.

त्या छोट्याशा टिपणाला जगभर वाचक मिळाले. पुणेकर मधुमेहतज्ज्ञांना मात्र त्यातल्या आकड्यांचा फार धक्का बसला नसावा. पाठ्यपुस्तकात दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा रुग्ण उतारवयाचा आणि लठ्ठ असायचा, आणि त्यांच्यासमोर येऊन बसायचा तो चाळिशीचा, बारीक हातापायांचा, शर्टाच्या खालच्या दोन बटणांपाशी जरासा सुटलेला माणूस. लंडनमध्ये स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांमध्येही १९९१ साली असंच चित्र आढळलं होतं. वजन गोऱ्या शेजाऱ्यांइतकंच, पण कंबर मोठी, रक्तातलं इन्सुलिन जास्त आणि मधुमेह कितीतरी अधिक.

आपल्याकडे आहार आणि वजनाची चर्चा सुरू झाली की ती लगेच ‘दीक्षित की दिवेकर’ या वळणावर जाते. दोनदा जेवायचं की दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं, यावर घराघरांत वाद झडले. या चर्चेमुळे लोक ताटाकडे लक्ष देऊ लागले, हे चांगलंच झालं. पण दोन्ही बाजूंचे अनुयायी पुरावा म्हणून दाखवतात तो वजनकाट्यावरचा आकडा, आणि आपल्या बाबतीत सर्वांत कमी बोलणारं मोजमाप तेच आहे. वजन घटलं की नाही यापेक्षा चरबी कुठे साठली आहे आणि स्नायू किती उरले आहेत, हे आपल्या प्रकृतीसाठी जास्त महत्त्वाचं आहे. आणि या दोन्ही गोष्टींची सुरुवात आपण पहिला घास खाण्याच्याही आधी होते. हे ज्या संशोधनातून उलगडलं, त्याचा मोठा भाग पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत झाला. मराठी वाचकाला त्याची ओळख असायलाच हवी.

या संशोधनामागे एक इंग्रज प्रश्न होता. साउदम्पटनच्या डेव्हिड बार्कर यांना हर्टफर्डशरमधल्या बाळांची जन्मवजनं नोंदवलेल्या जुन्या वह्या मिळाल्या. १९११ पासून तिथल्या परिचारिकांनी त्या काटेकोरपणे भरल्या होत्या. त्या बाळांची म्हातारपणची प्रकृती तपासली तेव्हा जन्मतः कमी वजन असलेल्यांना हृदयरोग आणि मधुमेह जास्त झालेला आढळला. यावरून बार्कर आणि निकोलस हेल्स यांनी १९९२ साली मांडणी केली की, गर्भात पोषण अपुरं पडलं तर शरीर मेंदू सांभाळतं आणि बाकीच्या अवयवांत काटकसर करतं. पुढे पोटभर अन्न मिळू लागलं की हीच काटकसर अंगाशी येते.

भारतात तर कमी वजनाची बाळं घरोघरी. याज्ञिक आणि साउदम्पटनच्या कॅरोलाइन फॉल यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या विवाहित स्त्रियांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. त्यांना दिवस जाण्याआधीपासून. या बायकांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं आणि बीएमआय १८. गरोदरपणात त्या दिवसाला साधारण १,८०० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिनं खात होत्या. त्यातच शेतातली कामं, पाण्याच्या खेपा, धुणी. ज्यांच्या वाट्याला गरोदरपणातही जास्त कष्ट आले, त्यांची बाळं अधिक लहान निघाली.

बाळांचं सरासरी वजन होतं सुमारे २.७ किलो. साउदम्पटनची बाळं साडेतीन किलोची. यात नवल नव्हतं. नवल पुढे होतं. बाळाचं डोकं, पोट, दंड, उंची आणि चिमटीत धरलेल्या कातडीची जाडी असं सगळं मोजलं, तेव्हा पोटातले अवयव आणि स्नायू सर्वांत जास्त रोडावलेले दिसले, आणि पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ टिकून होती. पुढे नाळेतलं रक्त तपासल्यावर आपल्या बाळांत इन्सुलिनही जास्त आढळलं. पावणेतीन किलोचं हाडकुळं दिसणारं बाळ मापांच्या हिशेबात स्थूल निघालं.

आईने काय खाल्लं होतं, याचाही हिशेब मांडला गेला. एकूण कॅलरी किंवा प्रथिनं यांच्याशी बाळाच्या वजनाचा ठळक संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो दूध, पालेभाज्या आणि फळं किती वेळा खाल्ली याच्याशी. मेथी, माठ, शेवग्याचा पाला, पेरू असल्या साध्या गोष्टी. ज्या घरातलं दूध डेअरीला जातं आणि शेवटची भाकरी सून खाते, त्या घरात या गोष्टी तिच्या ताटात किती येणार, हा प्रश्न आहारशास्त्राच्या पुस्तकात सुटणारा नाही. गरोदर बाईला ‘दोघांचं खा’ सांगणारी घरंसुद्धा तिला काय द्यायचं याचा विचार क्वचितच करतात.

या अभ्यासातल्या दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ते दूध, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं. फोलेट मात्र बहुतेकींना पुरेसं होतं. मुलं ६ वर्षांची झाली तेव्हा ज्यांच्या आयांचं फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होतं, त्या मुलांचं शरीर इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होतं. पण म्हणून गरोदरपणातल्या लोह-फोलिक गोळ्या कुणी बंद करू नयेत, त्यांचा उपयोग निर्विवाद आहे. प्रश्न त्यांच्या जोडीला बी-१२ मिळण्याचा आहे. आणि ही कमतरता फक्त गरिबीची नाही. पुणे परिसरातल्या पुरुषांच्या पाहणीत ६७ टक्के जणांत बी-१२ कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के.

ती मुलं १८ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली गेली. ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांची रक्तशर्करा मधुमेहपूर्व किंवा मधुमेहाच्या पायरीवर पोचली होती. त्याच वेळी एकंदर मुलांपैकी जवळपास निम्मी, बीएमआयच्या व्याख्येनुसार, कमी वजनाची होती. अशा पोराला ‘जरा वजन कमी कर’ असं कोणता डॉक्टर सांगणार?

असं का होतं, हे समजून घ्यायला हवं. कातडीखाली साठणारी चरबी तुलनेने निरुपद्रवी असते, ती शरीराची धान्याची कणगी आहे. आपल्यापैकी अनेकांची ही कणगी लहान. ती भरली की उरलेली चरबी यकृतात, स्वादुपिंडात, आतड्यांभोवती आणि स्नायूंत जाऊन बसते. चरबीने भरलेलं यकृत इन्सुलिनला जुमानत नाही, गरज नसताना साखर तयार करत राहतं. स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, काही वर्षं निभावतं आणि मग थकतं. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलण्याचं मोठं काम स्नायू करतात, आणि ते तर आपल्याकडे जन्मापासूनच कमी.

भारतीयांसाठी मोजपट्टी वेगळी ठरली ती यामुळेच. २३ च्या पुढचा बीएमआय म्हणजे जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बायकांची ८० च्या आत. दहा रुपयांची शिंप्याची टेप घरातल्या काट्यापेक्षा जास्त खरं सांगते, हे मी प्रत्येकाला सांगत असतो.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत १० कोटी १० लाख भारतीयांना मधुमेह असल्याचा अंदाज आला. आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर. राज्यांत सर्वांत वर होता गोवा, २६.४ टक्के. दर चार प्रौढ माणसांमागे एक!

मग ताटाचं काय? आपल्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात, त्यातही पांढरा भात, गव्हाचं पीठ आणि साखर यांचा वाटा मोठा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका असं सांगितलं. मराठी जेवणात हे जमवायला परदेशी काही आणावं लागत नाही. उसळ वाटीभरऐवजी दोन वाट्या, भात मुदीएवढा, ताक, अंडं किंवा बांगडा, पालेभाजी रोज. तूर आणि मूग पातळ वरणात फार थोडे उतरतात. तेवढ्यावर प्रथिनं झाली असं समजणं हा आपला जुना गैरसमज आहे. उपवासाचंही तसंच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. आषाढीला दोन वेळा खिचडी खाणाऱ्या मधुमेही आजीची साखर वाढली तर तिच्या श्रद्धेला बोल लावू नये, भगर-शेंगदाण्याचं प्रमाण बदलून द्यावं, दही वाढावं, राजगिऱ्याची भाजी करावी.

हालचालीबद्दल मला सर्वांत दिलासा देणारा पुरावा चेन्नईचा वाटतो. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांना ३ वर्षं पाहिलं. ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला त्यांच्यापैकी ५५ टक्के मधुमेही झाले. ज्यांनी रोज अर्धा तास भरभर चालणं आणि साखर-मैदा-तेल कमी करणं सांभाळलं, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर थांबलं. आणि या लोकांचं वजन फारसं घटलं नव्हतं! काटा हलला नाही म्हणून महिन्याभरात चालणं सोडणाऱ्यांनी हा अभ्यास लक्षात ठेवावा. जेवणानंतरची शतपावलीही निव्वळ रीत नाही. प्रत्येक जेवणानंतर १५ मिनिटं चाललेल्या वयस्कर मंडळींची दिवसभराची साखर, सकाळी एकदाच ४५ मिनिटं चालण्याइतकीच सुधारल्याचं एका प्रयोगात दिसलं आहे. चालण्याबरोबर ताकदीचे व्यायामही हवेत, विशेषतः चाळिशीनंतरच्या बायकांना. जोर, बैठका, पाण्याची कळशी उचलणं, काहीही. आणि झोप. सलग ६ रात्री ४ तास झोपलेल्या निरोगी तरुणांची साखर हाताळण्याची क्षमता घसरल्याचं १९९९ मध्येच नोंदवलं गेलं आहे. हिंजवडीत रात्रपाळ्या करणाऱ्या मुलामुलींशी याचा थेट संबंध आहे.

ज्यांना मधुमेह झालाच आहे, त्यांच्यासाठी न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांचं काम पाहावं. २०१७ च्या चाचणीत काही महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरींवर राहिलेल्या रुग्णांपैकी ४६ टक्के वर्षाअखेर औषधांशिवाय मधुमेहमुक्त पातळीवर आले. पुढे त्यांनी सडपातळ, सरासरी २४.८ बीएमआय असलेल्या २० मधुमेहींवरही हा प्रयोग केला. शरीराच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा उतरवल्यावर २० पैकी १४ जणांचा मधुमेह मागे हटला आणि यकृतातली चरबी कमी झाली. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय असे प्रयोग करू नयेत, औषध चालू असताना तर मुळीच नाही.

पुण्याजवळच्या त्या सहा खेड्यांत २०१२ पासून आणखी एक चाचणी झाली. १९९३ नंतर जन्मलेल्या त्या मुलामुलींना, ती किशोरवयात असतानाच, रोज अवघं २ मायक्रोग्रॅम बी-१२ देण्यात आलं. काहींना त्यासोबत इतर सूक्ष्म पोषकद्रव्यंही. हेतू त्यांच्यापुरता नव्हता, त्यांना पुढे होणाऱ्या बाळांपर्यंतचा होता. त्या मुलींची लग्नं झाली, बाळं झाली. ज्यांना बी-१२ मिळालं होतं त्यांची मुलं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आकलन आणि भाषेच्या चाचण्यांत पुढे दिसली. त्यांच्या शरीरातल्या चरबीचं आणि साखरेचं काय होतं, हे कळायला त्यांना मोठं होऊ द्यावं लागेल. तोवर शाळेच्या पोषण आहारात अंडं आणि दूध असावं की नाही, यावर आपण वाद घालत आहोत.