वँकेलचा ताप

माझदाच्या '१३बी' या वँकेल प्रकारच्या इंजिनात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, कॅमशाफ्ट नाही. भुईमुगाच्या शेंगेसारख्या, कंबरेत किंचित दबलेल्या पोकळीत दोन तिकोनी रोटर फिरत असतात, बस्स. क्षमता १३०८ सीसी. रेडक्शन गिअर लावून प्रोपेलर जोडला की ते दोन आसनी विमान आरामात उचलते. जुन्या आरएक्स-७ मोटारीचे इंजिन काढून गॅरेजात बांधलेल्या विमानावर चढवणाऱ्यांची अमेरिकेत एक चिवट जमात आहे. कांदिवलीच्या गच्चीवर विमान उभे करणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांमुळे घरी विमान बांधण्याचा नाद आपल्याला निदान ऐकून ठाऊक आहे. या अमेरिकी मंडळींची खरी डोकेदुखी मात्र एकच: इंजिनाचा ताप उतरवायचा कसा?

पिस्टनच्या इंजिनात ज्या भिंती जाळाने तापतात, त्यांनाच पुढच्या खेपेला आत येणारी गार हवा लागते. वँकेलमध्ये वाटणी झालेली असते. एक बाजू कायम गार हवा घेणार, दुसरी कायम जळणार. स्पार्क प्लगच्या बाजूला उसंतच नाही. त्यात रोटरभोवतीचे हाउसिंग ॲल्युमिनियमचे, शेजारच्या पाट्या बिडाच्या आणि लांब बोल्टांनी सगळे एकत्र आवळलेले. तापले की ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगते आणि मधल्या रबरी रिंगा चेपतात, करपतात. मग दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू करताच पांढऱ्या वाफेचा लोट निघाला, की कूलंट कुठे गेले ते कळते.

शिवाय रोटरच्या पोटात पाणी पोहोचत नाही. तिथे तेलाचाच फवारा. त्यामुळे पाणी आणि तेल मिळून जी उष्णता बाहेर नेतात, तिचा जवळपास तिसरा हिस्सा तेलाच्या वाट्याला येतो. नवखा माणूस सगळी हौस रेडिएटरवर भागवतो, ऑइल कूलर उरल्या जागेत कोंबतो आणि पाणी शांत असताना तेलाचा काटा शंभर अंशांकडे सरकताना बघत बसतो.

त्यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे काउलिंगचे, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचे, तोंड मोठे करणे. बहुतेक वेळा तो चुकतो. ताशी १०० मैल वेगाने येणाऱ्या हवेचा रेटा जेमतेम पाच इंच पाण्याच्या दाबाएवढा असतो, आणि सगळा थंडावा तेवढ्या भांडवलावर मिळवायचा असतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, पण विमान चढत असताना वेग कमी आणि इंजिन पूर्ण जोरात, म्हणजे नेमकी उलटी परिस्थिती. म्हणून तोंड लहान ठेवून हवेला आत मंद करायचे असते. मंदावली की तिचा दाब वाढतो आणि ती रेडिएटरच्या कोअरभर सारखी पसरते. क्युशेमान आणि वेबर यांच्या १९५३च्या ग्रंथातला डक्ट म्हणूनच या लोकांत लोकप्रिय आहे: नळी बराच वेळ जवळजवळ सरळ जाते आणि कोअरच्या तोंडाशी एकदम फाकते. कोअरही जाड आणि आटोपशीर लागतो. जनरल मोटर्सच्या गाड्यांमधल्या एसीचा इव्हॅपोरेटर त्यासाठी कित्येकांनी वापरला आहे, पाइपांची तोंडे वेल्ड करून.

तापलेली हवा मागून नेमकी सोडली तर ती थोडा धक्काही देते, हे १९३०च्या दशकात इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या मेरेडिथने दाखवले. मस्टँग या लढाऊ विमानाच्या पोटाखालचा रेडिएटर हे त्याचे गाजलेले उदाहरण. घरगुती विमानात मात्र हवेचा अडथळा थोडा कमी झाला तरी गंगेत घोडे न्हाले म्हणायचे.

बाकी काम चिकाटीचे. कोअरच्या पुढे-मागे बारीक नळ्या बसवून पाण्याच्या यू-नळीत दाबाचा फरक मोजायचा. कडांच्या फटी फोम आणि सिलिकॉनने बुजवायच्या, कारण हवा नेहमी सोपी वाट धरते. एक्झॉस्टमधले वायू ९०० अंशांच्या आसपास, तेव्हा पाइपाशेजारच्या होज आणि तारांना पत्र्याची ढाल हवीच.

वँकेल इंजिन आपल्याकडेही परके नाही. नगरच्या व्हीआरडीई या संशोधन संस्थेने बेंगळुरूच्या एनएएल आणि एडीई या संस्थांबरोबर केलेले ५५ अश्वशक्तीचे वँकेल २००९ साली कोलारला 'निशांत' या मानवरहित विमानावर उडाले.

थंडाव्यासाठी एवढा खटाटोप करून घरी विमान बांधणारे लोक वँकेलच का निवडतात? कूलंट सगळे वाहून गेले तरी ते सहसा जाम होत नाही, म्हणून. फुगणारे ॲल्युमिनियमचे हाउसिंग बिडाच्या रोटरपासून दूर सरकते आणि जोर घटला तरी रोटर फिरत राहतो. नंतर रिंगा बदला, हाउसिंग भंगारात टाका. पण ते धावपट्टीवर उतरल्यावर.